उजवी बाही

लातूर जिल्हा झाला, त्याच कोरड्या सालातला हिवाळा. टँकरच्या रांगेत धुरपताबाई उभी होती. पुढं दोघं सायकलवाले बोलत होते, ते ती ऐकत होती.

“साहेबराव, नव्या कचेरीत शिपाई झालास अन् जयभीम घेईनास?”

“केरबादादा, बायकोनं वाकळीच्या बाह्या शिवल्यात हँडलाला. हात बाहेर काढला की सायकल पडती.”

“हात गरम ऱ्हातेत?”

“तव्यावरच्या भाकरीवानी! पायाला बारदानाचे मोजे बी केलेत.”

“पर गाव म्हणतंय, साहेबराव माजला.”

“हाव. बायकोच्या कानावर गेलं. तिनंच उजवी बाही उसवली.”

“मंग तो हात गारठत आसंल की!”

“लई गारठतो. पर जयभीम घातला की समोरचा माणूस मला थांबवून ह्यो गार हात दोन्ही हातात धरतो. दादा, धर की.”