पूर्वाचा बुके

बुके आयुष्यात एकदाच सांगितला मी, त्याची गंमत ऐका. माझ्या सोळा सोमवारांचं उद्यापन झालं होतं, आणि मुलासाठी मनात भरलेली पूर्वा आईबाबांबरोबर अकोल्याहून आमचं घर पाहायला येणार होती. तिचा होकार तेवढा बाकी होता. आमच्या फुलवाल्या रशीदभाऊंना म्हटलं, "एक बुके पाहिजे." ते म्हणाले, "बुके? कोन्या देवाले, ताई?"

गुलाब-जरबेऱ्यांचा तो बुके मी आदल्या दिवशीच आणून फ्रिजमध्ये ठेवला. पाहुणे येऊन बसले, मी फ्रिज उघडला, तर आत नुसता चमकीचा कागद! ह्यांनी सकाळच्या पूजेत अख्खा बुके देवाला वाहिला होता.

"अहो, तो पूर्वाचा होता!"

"मले काय माहीत? आपल्या फ्रिजमधली फुलं देवाचीच असतात ना!"

तेवढ्यात पूर्वाच देवाच्या पाया पडायला आत आली. जरबेऱ्यांखाली महादेव पार दिसेनासे झाले होते. ती खुदकन हसली. "काकू, एवढं काय मागितलं तुमी देवाले?"

हे शांतपणे म्हणाले, "तुलेच, बेटा."

पूर्वा लाजली, वाकून नमस्कार करून हळूच म्हणाली, "मंग दिलं म्हना त्यानं."