ट्यूबचा वॉशर

मोठ्या कंपन्यांचं मला नका सांगू. दुष्काळाच्या वर्षी मी नगरला एका पंपवाल्या कंपनीचा एजंट होतो. केडगावच्या तात्यांच्या पंपाचा वॉशर गेला, मोसंबी सुकायला लागली. मी कंपनीकडं नवा वॉशर मागितला, तर मुंबईच्या हेड ऑफिसातून उत्तर आलं, "तीन प्रतींत फॉर्म भरा."

शेवटी भिंगारच्या शंकर मिस्त्रीनं विहिरीवर बसून ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून वॉशर कापला. पाणी सुरू झालं.

मी कंपनीला लिहिलं, "आपल्याला अशी माणसं पाहिजेत." कंपनीनं पहिल्यांदाच माझं ऐकलं आणि शंकरला नोकरी दिली.

महिन्याभरात तोच वॉशर पुन्हा गेला. तात्या धावत ऑफिसात आले. "मिस्त्री, ट्यूब आनलीय. चला, झाडं मरत्यात."

शंकरनं माझ्याकडं न बघता ड्रॉवर उघडला.

"तात्या, आधी तीन फॉर्म भरा. वॉशर मुंबईहून यील."