थोरल्या बाईंचं नाव

नूरझात : हेही नाव गेलं, आत्या. नमदा गेलं, आपल्या गावाचं कोचकोर गेलं, कोचकोरचा नमदा तर केव्हाच गेलं. एक मिळतंय, पण ते अडवून बसलेला माणूस दोन घोड्यांची किंमत मागतोय.

बात्मा : घोडी चरते तरी, दूध देते. नावाचं काय करायचं? चहा घे, निवला.

नूरझात : चहा राहू दे. वेबसाइटचं नाव म्हणजे दुकानाची पाटी. छोटं हवं. एकदा कानावर पडलं की माणसाला घरी जाऊन टाइप करता आलं पाहिजे. मागच्या वर्षी फोनवर तू त्या साइट काढणाऱ्या मुलाला काय सांगितलंस? पांढऱ्या फेट्यावाल्या आजींचे नमदे. त्याने बिचाऱ्याने तेवढं सगळं जसंच्या तसं विकत घेतलं.

बात्मा : त्यात काय चुकलं? सासूबाईंना आम्ही सुना तेच म्हणायचो.

नूरझात : वर्षभरात चार माणसं फिरकली तिकडे. त्यातली एक मी आणि एक तुझा मुलगा तालंत.

बात्मा : उरलेली दोन चांगल्या घरची असतील.

नूरझात : हसू नकोस गं. सकाळी ती बिश्केकची दुकानवाली काय म्हणाली, ते परत सांग.

बात्मा : काय म्हणणार? सासूबाईंचे नमदे पूर्वी तिच्याकडे जायचे. त्यांचं नाव घेतलं आणि विचारलं, या नावाची साइट तुम्ही काढलीय का. मी म्हटलं, नाही बाई. खोटं कशाला बोलू?

नूरझात : आता यंत्रावर दाबलेल्या लोकरीचे नमदे विकते ती. आज ना उद्या ते नाव घेणार आणि त्याखाली स्वतःचा माल ठेवणार. परदेशातली माणसं तुझ्या सासूबाईंच्या हातचं काम शोधत तिच्याकडे जाणार. आणि गटातल्या तुम्ही अकरा जणी इथे लोकर तुडवत बसा.

बात्मा : मला काय कळतं त्यातलं.

नूरझात : म्हणून तर म्हणते, ते नाव आपणच घेऊ. आत्ता. सांग, काय नाव होतं त्यांचं?

बात्मा : आधी तो चहा घे.

नूरझात : आत्या.

बात्मा : सासरच्या थोरल्यांचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, पोरी. एकोणिसाव्या वर्षी या घरात आले. तेव्हापासून घेतलेलं नाही.

नूरझात : त्यांना जाऊन बारा वर्षं झाली.

बात्मा : गेल्या म्हणून काय सासू नाहीत?

नूरझात : मग झूराकाकूला विचारते.

बात्मा : विचार की. तीही त्यांचीच सून.

नूरझात : तालंतचा फोन बंद आहे. मॉस्कोत कामावर असला की संध्याकाळपर्यंत उचलत नाही. म्हातारी माणसं सगळी वर कुरणात, तिथे फोन लागत नाही. मी कबरस्तानात जाऊन दगडावरचं वाचून येऊ?

बात्मा : बायका जात नाहीत तिकडे. स्वस्थ बस जरा. सारखी उठतेस काय?

नूरझात : कशी बसू? त्या दुकानवालीला नाव ठाऊक आहे आणि आपल्याला नाही, म्हणजे काय.

बात्मा : मला आहे ठाऊक.

नूरझात : असून काय उपयोग?

बात्मा : माझ्या लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात मी एक नमदा कापताना वाकडा कापला. अख्खी मेंढ्याच्या शिंगांची नक्षी बिघडली. मला वाटलं, आता माहेरी धाडतात. त्यांनी काही न बोलता वाकडा तुकडाच मधे ठेवला आणि चारी बाजूंनी त्याला जुळेल असं कापत गेल्या. तो नमदा त्यांनी कधी विकला नाही. तू ज्यावर बसलीयस ना, तोच.

नूरझात : हा?

बात्मा : तोच. अशा बाईचं नाव यंत्राच्या चिंध्यांवर लागायचं म्हणजे...

नूरझात : मग सांग ना.

बात्मा : तोंडातून निघणार नाही. मी सकाळपासून मनात म्हणून पाहतेय, जीभ वळत नाही. तो खडू दे.

नूरझात : कुठला?

बात्मा : नक्षी आखायचा. आणि तो काळा नमदा ओढ इकडे. तोंडाने घ्यायचं नाही एवढंच मला सांगितलं होतं. हाताचं कुणी काही बोललं नव्हतं.

नूरझात : सावकाश लिही, आत्या.

बात्मा : मधे बोलू नकोस. ...हं. घे, बघ.

नूरझात : कालिपा.

बात्मा : हं, तेच.

नूरझात : कालिपा. छोटं आहे. सोपं आहे. थांब हं, बघते. आत्या, मोकळं आहे. अजून कुणी घेतलेलं नाही. घेऊ?

बात्मा : घे. विचारतेस काय?

नूरझात : तुझं नाव मालकीण म्हणून टाकते. पैसे गेले. आता फिरतंय नुसतं. नेट बघ कसं मेलंय. ...झालं. आलं. आपलं झालं, आत्या.

बात्मा : झालं?

नूरझात : आता तिला म्हणावं, शोध दुसरं. पुसू का हा खडू? कुणी पाहिलं तर तुलाच बोलतील.

बात्मा : राहू दे. त्यांची मुलं त्यांना आई म्हणायची, नातवंडं आजी, आणि आम्ही सुना ते फेट्याचं. या घरातल्या कुणाच्या तोंडून ते नाव मी कधी ऐकलंच नव्हतं.

नूरझात : मग?

बात्मा : मग काही नाही. परत एकदा वाच.