विरोधातलं भाषण

ज्या सकाळी डॉक्टरांनी माझी बायको गेल्याचं सांगितलं, त्या सकाळी मी तिच्या कागदांसाठी एक्स-रेच्या खोलीसमोर बाकावर थांबलो होतो. शेजारी एक बाप आणि त्याची शाळकरी मुलगी बोलत होते.

"काल वर्गात आमची घटना समिती भरली, बाबा. मी सदस्य होते."

"वा! काय ठरवलंत?"

"बायकांना मताचा अधिकार द्यायचा नाही."

"अगं, असं कसं?"

"बाईंनी मला विरोधात बोलायला सांगितलं होतं. मी इतकी छान बोलले की कलमच पडलं. मुलींनीसुद्धा माझ्या बाजूने हात वर केले."

"असं काय बोललीस?"

"घरात एक जण ठरवतोय ना, मग दोघांनी डोकं कशाला शिणवायचं? तुला इथे काय कमी आहे?"

"हे कुठल्या पुस्तकातलं?"

"पुस्तकातलं कुठलं! आई नोकरीचं काढते तेव्हा तुम्हीच म्हणता."

"हळू बोल."

"उद्या मला बाजू बदलून बोलायचंय. पाहुणे येणार आहेत, कलम मंजूर झालंच पाहिजे. पण याला उत्तर काय द्यायचं?"

"आई काय म्हणते?"

"तुम्ही समोरच असता की! ती गप्प बसते."

एक्स-रेच्या खोलीचं दार उघडलं. मुलीची आई दुखरा हात सांभाळत बाहेर आली.

"आई, बाबा म्हणतात ना, 'तुला इथे काय कमी आहे?' त्याला उत्तर दे ना. मला उद्या लागणार आहे."

"देऊ?" तिने नवऱ्याला विचारलं.

"दे की. मी कधी अडवलंय?"

ती बाकावर नीट टेकून बसली. तेवढ्यात कागदांच्या खिडकीतून माझ्या बायकोचं नाव पुकारलं, म्हणून मी उठलो. त्या बाईचं उत्तर ऐकायचं राहून गेलं.