जोर लागायच्या आधीच तडकलेला खांब

हसू नका, हसू नका! तुम्हाला सांगते, मलाही हसूच आलं असतं, पण पोरगी आमची होती ना! अहो, आधी भेग पडते आणि मग जोर लागतो, असा खांब बघितलाय का कुणी जन्मात? कानफटात बसायच्या आधीच गाल सुजला, असं झालंय कधी तुमच्याकडे? पण त्या इमारतीत झालं! आणि ही शिकलेली माणसं, बरं का!

थांबा, मुळापासून सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी बरळते. तर एका भल्यामोठ्या इमारतीत एक होते खांबसर, एक होत्या भेगामॅडम, दोघांच्या मधे होती एक भिंत, आणि त्या भिंतीवर डोकं आपटायला होती आमची नात, बबडी. खरी नावं वेगळी, पण ती सांगून करायचंय काय? खांबसर सिमेंटचे खांब ओतायचे, त्यांना पाणी घालून लेकरासारखं वाढवायचे आणि मग मशीनमधे घालून मोडायचे! का, तर म्हणे भूकंपात घर कुठवर टिकेल ते कळतं. बरं, कळू दे. भेगामॅडमचं काम, त्याच खांबाला भेग कधी पडली, कुठे पडली, त्याचे फोटो काढायचे. म्हणजे खांब एकच, मशीन एकच, मोडणंही एकच. पण जोर किती लागला ते सरांच्या कॉम्प्युटरमधे आणि भेग कधी पडली ते मॅडमच्या! कॅमेरा सरांच्या खोलीत आणि त्याची वायर भिंतीला भोक पाडून पलीकडे. भोक कसलं, वायरीपुरतं! बोलण्यापुरतं नाही.

बबडीला करायचं काय होतं, तर अमुक जोर लागला की तमुक भेग पडते, एवढं जुळवून दाखवायचं. त्यावर तिची डॉक्टरकी. औषधाची नव्हे हो, पुस्तकाची! एवढी वर्षं गेली त्यात. तिचा बाप, म्हणजे माझा लेक, टेकीला आलेला. "आई, लोक विचारतात मुलगी करते काय, तर मी काय सांगू? खांब मोडते म्हणून सांगू?" डॉक्टरकी झाली तर नोकरी, नाहीतर इतक्या वर्षांचं पाणी.

तर बबडी गेली मॅडमकडे, म्हणाली, मॅडम, भेगांचा डेटा द्या. मॅडम चष्म्यावरून बघून म्हणाल्या, (हे बघा, असं नाकात बोलतात त्या) "तुझ्या सरांनी स्वतः मागितलाय का?" बबडी सरांकडे. सर खुर्चीत रेलून म्हणाले, "मी? मी मागू? डेटा म्हणजे आपली इस्टेट, बाळ, शेजारणीला दार उघडून दाखवायची नसते." अरे मेल्या, इस्टेट कसली? मोडलेले खांब तुझे! राजवाडा असता तर काय केलं असतंस? पोरीने मग दोन्हीकडच्या पोरांच्या पाया पडून, सर-मॅडमना न सांगता, इकडून थोडं तिकडून थोडं करत सगळं गोळा केलं. सात नंबरच्या खांबाचा जोर घेतला, सात नंबरची भेग घेतली, शेजारी शेजारी लावलं, आणि काय? भेग आधी! जोर नंतर!

आता तुम्ही-आम्ही काय म्हणू? कुठेतरी घोळ झालाय. पण ही शिकलेली माणसं, बरं का! खांबसर उठून उभे राहिले. "शोध! हा शोध आहे! खांबाला पुढचं आधीच कळतं! हे जगात कुणी मांडलेलं नाही!" मांडेल कोण, शुद्धीवर असताना? मॅडमला बातमी लागली तशा त्याही भिंतीपलीकडून गरजल्या, "भेगा माझ्या आहेत, माझं नाव आधी!" झालं! खांबाला कळतं की नाही ते राहिलं बाजूला, महिनाभर नाव कुणाचं आधी यावर पत्रं. एका भिंतीच्या अल्याड-पल्याड बसून पत्रं! बबडी म्हणत होती, सर, एकदा तपासू या का… "तू लहान आहेस." मॅडम, मला वाटतं… "तुला वाटून काय होतंय?"

मग आले बाहेरचे परीक्षक. शांत माणूस. त्यांनी ते चित्र सरळ धरून बघितलं, उलटं धरून बघितलं, म्हणाले, "मुली, हा खांब घाबरून तडकला का?" आणि सगळं बाड परत! महिन्यात नीट कर, नाहीतर डॉक्टरकी विसर. आणि सर? सर तेव्हा खिडकीबाहेर बघत होते, जणू ही कुणाची कोण.

पोरगी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. उठली ती तडक लॅबमधे, आणि पहिल्यांदाच दोन्हीकडच्या जुन्या पोरांना एकच प्रश्न विचारला, की नंबर देता कसे? सरांकडचे म्हणाले, खांब ज्या क्रमाने ओतला तसा, बुडाशी कोरतो. मॅडमकडचे म्हणाले, ज्या क्रमाने मोडला तसा. ऐकलंत? सरांच्या सातला मॅडमचा सात! एकाच्या पोटदुखीला दुसऱ्याची नाडी! आणि ओतला कधी, मोडला कधी, हे जुळवून ठेवायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही, कारण त्यासाठी एकमेकांना विचारावं लागलं असतं ना!

आता उपाय एकच. मोडलेले खांब इमारतीमागे पडलेले, बुडाशी सरांचा नंबर, अंगावर मॅडमची भेग. बबडी धावत खाली गेली, तर राडारोडा उचलायला ट्रक उभा! जागा अडते म्हणून खांबसरांनीच बोलावलेला. पोरगी चढली ढिगाऱ्यावर आणि बसली फतकल मारून. ट्रकवाला म्हणाला, "ओ ताई, उतरा, मला अजून फेऱ्या आहेत." ही हलेना. तिथूनच सरांना फोन, "सर, मॅडम तुमचे खांब बघतायत." लगेच मॅडमना फोन, "मॅडम, सर तुमच्या भेगा ट्रकमधे घालतायत."

धावत आले हो दोघं! एकमेकांच्या खोलीत पाऊल न टाकणारी माणसं, राडारोड्यात समोरासमोर! मॅडम हातातल्या फोटोशी ताडून बघत ओरडतायत, "ही भेग माझी! डावीकडे वळलेली, कुठेही ओळखेन!" सर बुडाशी वाकून, "खांब माझा!" "भेग माझी!" "खांबाशिवाय भेग पडली असती का?" ट्रकवाला म्हणाला, "साहेब, भावाभावांच्या वाटण्या बघितल्यात, पण अर्धा ट्रक राडा तुमचा, अर्धा बाईंचा, असं पहिल्यांदा बघतोय." आणि बबडी? तिने वही काढली. हे नंबर सांगतायत, त्या भेग सांगतायत, भांडता भांडता सगळे खांब जुळून गेले, हिने लिहून घेतलं. नव्याने लावून बघितलं. आधी जोर, मग भेग. सरळ, साधं, जसं असायला हवं तसं. सरांचं तोंड असं पडलं, जसं घरातलं कुणी गेलंय.

डॉक्टरकी मिळाली. आणि त्याच इमारतीत मोठ्या साहेबांनी तिला नोकरीलाही ठेवलं, कच्ची, सहा महिन्यांच्या बोलीवर. काम काय, तर सगळ्या लॅबचा डेटा एका जागी, एका पद्धतीने लावायचा, कुणीही मागितला तर द्यायचा. हिने सगळ्यांना एकाच पद्धतीने नंबर द्यायला लावले आणि दोघांच्या फायली एकमेकांना उघडून दिल्या. इमारतीत बोंबाबोंब! खांबसर आणि भेगामॅडम एकत्र बसले, एकत्र तक्रार लिहिली, की ही मुलगी आमच्या कामात ढवळाढवळ करते, हिला काढा. खाली दोघांच्या सह्या, शेजारी शेजारी, आणि नाव कुणाचं आधी यावर भांडणही नाही!

मोठ्या साहेबांनी तो कागद हातात घेतला, दोन्ही सह्या नीट बघितल्या, पुन्हा बघितल्या, म्हणे डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणाले, "या दोघांनी एका कागदावर सही केली? हे आजवर कुणाला जमलं नव्हतं. हिला कायम करा!"

तेव्हापासून माझा लेक विचारणाऱ्याला छाती काढून सांगतो, मुलगी कायम झाली. कशावर झाली ते मात्र सांगत नाही… सांगायचं तरी काय?