दाजींची गाडी

माझं माहेर परभणीकडचं, गोदावरीच्या काठाला, नावाला नदी आन प्यायला टँकर. आमी दोघी बहिणी, मी थोरली कांता, धाकटी सुमन, भाऊ न्हाई. बाप लवकर गेला. मायनं दोघींना दुसऱ्याच्या रानात खुरपून वाढवलं, आन तोंडाच्या जोरावर वाढवलं, लई तिखट तोंड मायचं, गावातला पाटील बी तिच्या दारावरून खाली मान घालून जायचा. माझं तोंड तिच्यावरच गेलं म्हणतेत लोक, म्हणू द्या.

आमचे मालक आधी ट्रॅक्टरवर व्हते, मग ट्रकवर, मग इकडं चाकणला आले आन ट्रेलरवर बसले, पत्र्याच्या कॉइल वाहायच्या एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत. खराबवाडीत खोली घेतली. मला कंपनीच्या कँटीनला चपात्या लाटायचं काम लागलं. बरं चाललं व्हतं. तेवढ्यात सुमीला तिच्या नवऱ्यानं टाकलं, मूल होत न्हाई म्हून, आन वर्साच्या आत दुसरी आणली, तिला बी न्हाई झालं, आता कुणाला टाकतो बघू. तर माय सुमीला घेऊन इथं आली. आत बसली बी न्हाई, दारातच उभी राहून मालकांना म्हणली, जावईबापू, पोर तुमच्या पदरात घालायले, हिला काही झालं तर मी हिला इचारणार न्हाई, तुमाला इचारीन. मालक म्हणले, मामी, बिनघोर ऱ्हावा. ताई, एवढं एक ध्यानात ठेवा, बाकी मग मी काय बी सांगत बसले तरी.

तर सायकलचं सांगते. सुमीला बी मी कँटीनला लावलं. शेअर रिक्षावाला माणसं अशी कोंबायचा की उतरल्यावर आपले हातपाय आपलेच हायेत का बघावं लागायचं, आन वरून पैशे रोजचे. मग भंगारवाल्याकडून दोन सायकली आणल्या. मला कुठं येत व्हती सायकल, दोन लेकरांची माय मी, खोलीमागच्या मोकळ्या जागेत पडून पडून शिकले, गुडघे सोलले, आजूबाजूची पोरं हसायची, म्हातारी उडाली म्हणायची. सुमी मात्र एका दिवसात शिकली. ती तसलीच व्हती, भीती म्हून काय ते तिला ठाऊकच न्हाई. आमच्यासंगं शेवंताबाई म्हून एक मावशी यायच्या, कँटीनलाच भांड्याला व्हत्या. आमी तिघी एका रांगेत जायचो, फुडं मी, मधी सुमी, मागं मावशी.

ही रांग आमच्या मालकांनीच लावून दिली. त्यांचा सायकलवाल्यांवर लई राग, तोंडात कायम शिवी, मरायला निघालेत म्हणायचे, किडे हायेत म्हणायचे. आन घरच्याच दोन बाया सायकलवर निघाल्या तवा मातर घाबरले. एका रविवारी आमाला पार्किंगच्या ग्राउंडवर घेऊन गेले. मला वर केबिनमधी ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, आन सुमीला म्हणले, डाव्या दरवाजाखाली जाऊन उभी ऱ्हा. मला म्हणले, बघ, कुठं हाय तुझी बहीण? मी आरशात बघितलं, काचेतून बघितलं, मान वाकडी करून बघितलं, सुमी न्हाईच. ती खाली नाचायली, दात काढायली, दाजी मी इथं हाय म्हून ओरडायली, आन मला नुसतं रिकामं ग्राउंड दिसायलं. मालक हसायले, म्हणले, एवढी धडधाकट बाई गायब झाली का न्हाई? मग सांगितलं, ट्रेलरच्या डाव्या अंगाला कधी शिरायचं न्हाई. वळणावर गाडी उभी आसंल तर मागं थांबायचं, पार मागं. आरशात ड्रायव्हरचं तोंड तुमाला दिसलं तर तुमी त्याला दिसता, न्हाई तर तुमी न्हाईच. आन वळताना मागची चाकं आत दाबत येतेत, ती कुणाचं ऐकत न्हाईत. पहिले क्लीनर असायचा डाव्या बाजूला बघायला, आता शेठ क्लीनर देत न्हाई, तेवढाच पगार वाचतो. सायकलींना लाल रेडियम चिकटवलं मालकांनी, घंट्या बसवल्या. आमी त्यांचा शब्द मोडला न्हाई कधी. गप्पा मारायला सुद्धा जोडीनं चाललो न्हाई, सुमी मागूनच ओरडून बोलायची, निम्मं मला ऐकू यायचं न्हाई.

आन रस्ता कसा म्हणाल तर काय सांगू तुमाला. गाडीतून गुटखा थुकतेत, वर आपल्याकडंच बघतेत, मधी कामून आली म्हून. मोटरसायकलवरची पोरं पाठीवर थाप मारून पळतेत. कंपनीच्या बसा अशा अंगावर येतेत की चिखलात उतरायचं, मग त्याच चिखलाच्या साडीनं कँटीनला गेलं की सुपरवायझर म्हणतो, बाई, स्वच्छता पाळा. सायकलवाला म्हणजे रस्त्यावरचा खड्डा, कुणी चुकवतं, कुणी वरून नेतं.

त्या दिवशी सकाळी धुकं व्हतं थोडं, पण दिसत व्हतं, उगं धुक्यावर ढकलणार न्हाई मी. चौकातला सिग्नल नुसता पिवळा लुकलुकतो, ज्याला जमंल त्यानं निघायचं. मी मोकळं बघून सरळ पलीकडं गेले. ह्या दोघी मागं राहिल्या, तेवढ्यात मागून एक ट्रेलर त्यांना वलांडून आला आन चौकाच्या तोंडाशी थांबला, त्याला डावीकडं वळायचं व्हतं. मी पलीकडं पाय टेकून मागं बघितलं तर ते आमचे मालक. त्यांनी काचेतून मला बघितलं आन हात केला. मी बी हात केला.

इकडं ट्रेलरच्या मागं काय झालं ते शेवंताबाईंनी सांगितलं मला. दोघी नियमापरमाणं मागं थांबल्या व्हत्या. मागच्या फळीला झेंडूची माळ लटकत व्हती, वाळलेली, दसऱ्याला सुमीनंच बांधलेली. ती बघून सुमी म्हणली, अवं मावशी, दाजींचीच गाडी हाय, चला. मावशी म्हणल्या, थांब गं. तर म्हणली, दाजी काय आपल्याला चिरडतेत व्हय? आन हसत हसत डाव्या अंगानं फुडं निघाली. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर थांबली असती, ताई. परक्याच्या गाडीला रोज थांबत व्हती. आपल्या माणसाची व्हती म्हून गेली.

मालक माझ्याकडंच बघत वळले. तोंडावर हसू व्हतं त्यांच्या. गाडीला धक्का बसला तवा थांबले, खाली उतरले, आन मला लांबूनच इचारलं, कोण हाय गं? मी म्हणलं, सुमी.

माणसं जमली. ड्रायव्हर सापडला की लोकांच्या हाताला खाज सुटते, ज्यांनी रोज आमाला चिखलात ढकललं तेच मोटरसायकली लावून पळत आले न्याय करायला. एकानं मालकांचं मुंडकं धरलं. मी पळत गेले आन मधी पडले, म्हणलं, माझा नवरा हाय. तर एक जण म्हणला, खाली पडली ती कोण? म्हणलं, माझी बहीण हाय. मुंडकं धरलेल्यानं हात सोडला. मी आधी नवऱ्याकडं गेले, बहिणीकडं नंतर गेले. हे सगळ्या गावात झालंय, मायला बी कळलंय. म्हणू द्या काय म्हणायचं ते. सुमी गेली व्हती, मला दिसत व्हतं. ह्यांना बी मारून टाकलं असतं तर मी रडायला तरी कुणाच्या दारात बसले असते?

माती गावाकडं केली. माय रडली न्हाई. मालक तवा पोलिस कोठडीत व्हते.

कंपनीनं काय केलं माहीत हाय का? गेटवर नोटीस लावली, सुरक्षेच्या कारणास्तव कामगारांनी सायकली आणू नयेत. झालं. ट्रेलर तेवढेच, क्लीनर न्हाई तो न्हाईच, सिग्नल अजून लुकलुकतोय, सायकल तेवढी वाईट. मी आन शेवंताबाई चहाच्या टपरीमागं सायकली लपवतो आन चालत गेटातून जातो, चोरावानी.

मालक जामिनावर सुटले, केस चालूच हाय. शेठनं परत बोलावलं, ड्रायव्हर मिळंनात म्हून, दया आली म्हून न्हाई. दुसरं काम येत न्हाई त्यांना, आन लेकरं शिकायलीत. आता प्रत्येक वळणाला गाडी थांबवतेत, खाली उतरतेत, डाव्या बाजूनं चक्कर मारतेत, वाकून चाकाखाली बघतेत, मग वर चढतेत. मागच्या गाड्या हॉर्न मारून मारून कान फोडतेत, मायवरून शिव्या देतेत. कुणी म्हणतं, काय हुडकतो बे, बायको हरवली का खाली? रात्री घरी येतेत. मी जेवायला वाढते, ते जेवतेत. मला इचारतेत बाया, कशी ऱ्हातीस गं ह्याच्यासंगं? कशी म्हणजे? भाकरी करून ऱ्हाते.

यंदा दिवाळीला मी माहेरी गेले, एकटीच. मायनं वाढलं, पोटभर वाढलं. मग डाळ निवडत बसली आन पहिल्यांदा ह्यांचं इचारलं, गाडी चालवतो का अजून? म्हणलं, हो. त्याच रस्त्यानं? हो. मग वळणाचं, खाली उतरायचं, लोकांच्या शिव्यांचं सगळं सांगितलं. मला वाटलं आता तरी तिचं मन वितळंल. मायनं सगळं ऐकून घेतलं, डाळीतले खडे बाजूला काढले आन म्हणली, त्याला काही होऊ नये. देवानं त्याला शंभर वर्सं आयुष्य द्यावं, डोळे धडधाकट ठेवावेत, आन रोज त्या वळणावरनं न्यावं.

परत आल्यावर मालकांनी इचारलं, मामी काय म्हणल्या? म्हणलं, तुमाला आशीर्वाद दिलाय. ते भिंतीला टेकून बसले व्हते, त्यांनी हात जोडले.

फळतोय ताई मायचा आशीर्वाद. परवाच ट्रान्सपोर्टच्या लोकांनी सगळ्या ड्रायव्हरांचे डोळे तपासले. ह्यांना म्हणले, ह्या वयात अशी नजर कुणाची न्हाई.