गाठ मारलेला शर्ट

वारज्याच्या त्या लाँड्रीत मुक्ताबाई वीस पावसाळे येत होत्या, पण असं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं. रांगेत त्यांच्या पुढच्या बाईंनी बुरशी धरलेला शर्ट काउंटरवर ठेवला.

"धुऊ नका. नुसती बुरशी काढा."

"मग घरीच फुंकर मारायची होती, काकू," लाँड्रीवाला म्हणाला.

"धुतला की माझ्या योगेशचा वास जाईल हो. गेला त्याच्या आदल्या दिवशी हाच घातला होता त्यानं."

"पिशवीत कोंडून ठेवला होता का?"

"दोन वर्षं, गच्च गाठ मारून. वास उडू नये म्हणून."

"तिथंच चुकलं, काकू. पावसाळ्यात कपड्याला वारा द्यावा लागतो."

"आता मला नुसता कुबट वास येतो. तुम्ही हुंगून बघा ना."

लाँड्रीवाल्याने शर्ट नाकाशी नेला.

"येतो, काकू. कॉलरपाशी."

"तुम्ही कुठं ओळखत होता त्याला?"

बाईंनी त्याच्या हातून शर्ट घेतला, घडी मोडली आणि काउंटरवर ठेवला.

"धुवा."